हीटरची पोथी

“समाधी लागली, की ज्याला लागली त्याला ते कळतं का, बाबा?”

पाचखेडे सरांनी हे विचारलं तेव्हा ते ओसरीच्या खांबाला मिठी मारून उभे होते. धाप लागलेली, कानटोपी तिरकी झालेली, पायात एकच चप्पल. चेहरा मात्र असा फुललेला, की पाहणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी आजच नातू झाला.

डोमाजीबाबा सकाळच्या गारठ्यात हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोनाले लागली?”

“मला.”

बाबांनी एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं.

“...बरं.”

सरांना हे ‘बरं’ फार तोकडं वाटलं. सात वर्षं ते या मठात येत होते. मेळघाटातल्या त्या पठारावर पौषात अशी थंडी पडते, की पहाटे तोंड धुवायला घेतलेलं पाणी हाताला चावतं. त्याच महिन्यात मठात अकरा दिवसांची बैठक असते. पहाटे पाचला ध्यानखोलीत बसायचं. ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवर आलं की बाबा घंटा वाजवतात, तेव्हा उठायचं. मधे कोणी उठायचं नाही, कोणी कोणाला हलवायचं नाही. मठाचा एवढा एकच नियम.

सरांनी तो काटेकोर पाळला होता आणि पदरात पाठदुखीखेरीज काही पडलं नव्हतं. अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला हा माणूस. नुसत्या चष्म्यावरून बघून शंभर पोरं गप्प करणारा. आणि शेजारी बसणारी वच्छलाबाई, अंजनगावच्या पानमळ्यात जन्म गेलेली, चौथी नापास. ती मांडी घालायची आणि पाच मिनिटांत कुठल्या कुठे निघून जायची. तिच्या चेहऱ्यावरची शांतता पाहून सरांचा जळफळाट होई. मग बैठकीत जळफळाट झाला म्हणून स्वतःचाच राग येई. देवापाशी त्यांचं एकच मागणं उरलं होतं. एकदा, फक्त एकदा, मलाही.

आणि आज ते झालं होतं.

“सांगू का, बाबा?”

“सांग ना. कान मोकळेच हायेत.”

“आधी ऊब आली. सगळ्या अंगात पसरली. मग अंग हलकं झालं. हात माझे आहेत की शेजारच्याचे, कळेना. मग कानात नाद सुरू झाला. मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा. अनाहत नाद म्हणतात तो हाच, बाबा.”

“मंग?”

“मग विचार थांबले. मी कोण, हे आठवायला गेलो तर आठवेना... आणि आठवत नाही याचं काही वाटेना.”

बाबांचा हात भाजीवर थांबला.

“डोकं दुखते?”

“थोडंसं. टाळूपाशी. ब्रह्मरंध्राशी ताण येतो म्हणतात, तसा.”

“मळमळते?”

“अन्नाची वासनाच गेली. कालचं पिठलं आठवलं तरी नको वाटतं.”

“अन् पाय?”

“पाय जमिनीला लागतच नाहीत. येताना दोनदा पडलो.” सर हसले. “देहभान होतंच कुठे.”

आता बाबांनी मान वर केली. सरांच्या डोळ्यांतला आनंद त्यांनी पाहिला नाही. त्यांनी ओठ पाहिले, मग नखं पाहिली.

“मास्तर... घंटी तं मी वाजवली नाही. तू कसा उठला?”

इथे सर जरा ओशाळले. खरं सांगायचं तर आनंद पोटात मावेना म्हणून ते उठले होते. समाधीतून उठून तिची बातमी द्यायला पळत सुटलेला योगी साऱ्या सातपुड्यात बहुधा हा पहिलाच. पण त्यांनी घाईघाईनं सारवासारव केली.

“तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना. पण बाकीच्यांना धक्का लागू दिला नाही. दार हळूच ओढून घेतलं. वाऱ्यानं उघडू नये म्हणून बाहेरून कडीही घातली.”

“बाकीच्याइले...”

“त्यांनाही लागली, बाबा. वच्छलाबाईंना, दादारावांना, आम्हा तिघांनाही. एकाच सकाळी.” सरांचा आवाज कापरा झाला. “दादाराव तर भिंतीवरून घसरून आडवे झालेत. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, लहान मुलासारखा पाय लांब करून पडलाय. वच्छलाबाईंची मान छातीवर आलीय. मी नाव घेऊन हाक मारली, अगदी हळू. ओ नाही. किती खोल गेल्या असतील त्या...”

भाजीचं सूप पालथं झालं.

डोमाजीबाबांना धावताना मठात कोणी पाहिलेलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा, काठीवाचून ओसरी उतरत नसे. आज काठी खांबालाच टेकलेली राहिली आणि बाबा अंगणाच्या मधोमध होते. धोतराचा सोगा हातात धरलेला, पाय अनवाणी, दवानं ओल्या गवतावरून सरळ ध्यानखोलीकडे.

सर मागोमाग धडपडत निघाले. त्यांचा ऊर भरून आला. शिष्यांच्या दर्शनाला गुरू धावत निघाला, असं भाग्य कोणाच्या वाट्याला येतं? पण बाबांचा हात दाराच्या कडीवर गेला तेव्हा त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते पुढे घुसले आणि दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले.

“बाबा, घंटा झालेली नाही. बैठक मोडता येणार नाही. नियम तुमचाच आहे.”

“आत काय पेटवलं?”

“हीटर. रॉकेलचा. काल आणलाय. माझ्या मेव्हण्यानं सिमल्याहून मुद्दाम...”

“खिडकी?”

ध्यानखोलीला एकच खिडकी होती, हातभर रुंद, आणि तिला झडप नव्हती. चाळीस वर्षं ती तशीच उघडी. पौषात तिच्यातून येणारा वारा थेट हाडांत शिरायचा. साधकांनी त्या खिडकीचे नाना अर्थ लावले होते. कोणी म्हणे, ही तपश्चर्या आहे. कोणी म्हणे, गुरूची नजर आहे. सरांनी तर तिच्यावर चार पानी लेख लिहून मठाच्या वार्षिक अंकात छापून आणला होता. बाबांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

“बुजवली,” सर म्हणाले. “आत गोधडी कोंबली, वरून प्लास्टिक. दाराच्या फटीला पोतं. वाऱ्याला सुईएवढी जागा ठेवली नाही.”

हे सांगताना त्यांच्या स्वरात अजून अभिमान होता.

बाबांनी त्यांच्या तोंडात मारली.

आवाज मोठा झाला नाही. म्हाताऱ्या हाताची चापट ती. पण सर गप्प झाले.

“मास्तर,” बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “कोंडल्या खोलीत आग जळत रायली, तिले वारा पुरला नाही, तं काय तयार होते? पोराईले तूच शिकवत होता ना.”

आणि तीस वर्षांच्या सवयीनं सरांच्या तोंडून उत्तर निघालं.

“कार्बन मोनॉ...”

पुढचं अक्षर ओठांवरच राहिलं.

रंग नाही. वास नाही. आधी डोकेदुखी, मग मळमळ, कानात आवाज, पाय लटपटणं, गुंगी. मग माणूस झोपतो. दर वर्षी हा प्रश्न ते पेपरात घालत आणि ज्या पोराला आला नाही त्याला उभं करून सगळ्या वर्गासमोर ‘दगड’ म्हणत. सरांच्या पायाखालची जमीन आता खरोखरच सरकली.

“वच्छलाबाई,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

कडी बाबांनीच काढली.

“श्वास कोंडून घे. आदी बाई. चाल.”

खोलीत छान ऊब होती. हेच सरांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, की खोलीत छान ऊब होती, कुठे धूर नाही, वास म्हणावा तर थोडा रॉकेलचा, आणि मधोमध जाळीच्या आत ती तांबूस ज्योत शहाण्या मुलासारखी गप्प जळत होती. वच्छलाबाई घोंगडीवर बसल्या बसल्या एका कुशीला कलली होती. बाबांनी घोंगडीची दोन टोकं धरली, दोन सरांनी. ओढत ओढत तिला उंबऱ्याबाहेर आणलं.

दादाराव शंभर किलोंचे. सरांनी त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांचेच गुडघे वाकले. बाहेर येऊन छातीभर श्वास घेतला, पुन्हा आत गेले. तिसऱ्या खेपेला दादाराव हलले, म्हणजे सरांनी हलवले, आणि दाराशी येता येता त्यांनी स्वतःच खोकत एक शिवी दिली. एवढी गोड शिवी सरांनी जन्मात ऐकली नव्हती.

त्या भरात सर परत वळले. हीटर उचलून दरीत भिरकावायचा म्हणून त्यांनी त्याच्या कडीला हात घातला.

“हात नोको लावू.” बाबा दारातून गरजले. “पेटती शेगडी उचलायची नाही कधी. रॉकेल हिंदकळलं तं गोधड्या पेटतीन अन् तूबी.”

ते आत येऊन वाकले, बटण सापडेपर्यंत चाचपलं आणि वात खाली उतरवली. ज्योत निळी झाली, मग गेली. मग सरांनी बाहेरून काठीनं खिडकीतलं प्लास्टिक फाडलं, गोधडी उपसली. गोधडीच्या वरच्या फटीत एक कागदाचा बोळा ठासलेला होता तोही पडला. हीटरच्या खोक्यात आलेलं माहितीपत्रक होतं ते. न वाचताच बोळा केलेलं. वरच्या पानावर एक चित्र होतं. चित्रात हीटर होता आणि त्याच्यामागे एक उघडी खिडकी.

सरांनी ते पाहिलं. बघत बसायला वेळ नव्हता; कागद तसाच खिशात कोंबला.

दादाराव अंगणात डोकं धरून बसले होते आणि ‘काय झालं बावा, कोनती गाडी उलटली’ असं विचारत होते. पण वच्छलाबाई उठत नव्हती.

बाबांनी तिला कुशीवर केलं. तिच्या गळ्याशी दोन बोटं ठेवली. श्वास चालू होता, पण कसा, तर विहिरीच्या तळाशी कोणी भांडं घासावं इतका लांब.

“वच्छले.”

काही नाही.

“वच्छले... पोरी...”

सर तिच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते. त्यांचं डोकं फुटायला आलं होतं. सात वर्षं ज्या बाईच्या शांत चेहऱ्याचा त्यांनी मत्सर केला तो चेहरा आता त्यांच्यासमोर होता, आणि शांतच होता. सर ते पाहू शकेनात. मला नको, ते मनाशी म्हणत होते. मला काही नको, पुन्हा कधी मागणार नाही, हिला उठव. हिला उठव रे. कोणाला म्हणत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“वच्छले, पानाले पानी द्यायचं राह्यलं,” बाबा तिच्या कानाशी म्हणाले.

...

तिची भुवई हलली.

मग पापणी. मग ओठ. आवाज निघायला आणखी थोडा वेळ लागला.

“घंटी झाली का?”

ऊन अजून पहिल्या पायरीवर आलेलं नव्हतं. घंटा आपल्या जागी तशीच लटकत होती.

“झाली वं माय,” बाबा म्हणाले. “केव्हाची झाली. ऊठ आता.”

पाचखेडे सर, निवृत्त विभागप्रमुख, अंगणातल्या गवतावर बसून हुंदके देऊन रडले.

खालच्या पाड्यावरच्या हिरालाल कासदेकरची जीप आली. तिघांनाही दवाखान्यात नेलं. बाबाही गाडीत चढले, काठी न घेताच. वच्छलाबाईला आणि दादारावांना लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होता. त्यानं सरांनाही नळी लावून बसवलं आणि विचारलं, “किती वेळ होतात आत?”

“तीन तास.”

“आणखी अर्धा तास असता तर मी तुमच्याशी बोलत नसतो, काका.” मग त्यानं आडनाव वाचलं आणि तो चमकून उभा राहिला. “सर? मी गोपनारायण. तुमच्या हाताखाली होतो. मला उभं केलं होतं तुम्ही... याच प्रश्नाला.”

सरांनी नळीमागून त्याच्याकडे पाहिलं.

“तू बस,” ते म्हणाले. “मी उभा राहतो.”

डॉक्टरनं त्यांना उभं राहू दिलं नाही.

दुपारी नळी निघाली. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. सर शेजारी जाऊन बसले.

“बाबा, त्या खिडकीला झडप का नाही?”

बाबांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न ऐकला आणि त्यांना हसू आलं. पण ते हसू टिकलं नाही.

“माया लहाना भाऊ होता. किसन. जंगलात आमी कोळसा पाडत होतो दोघं. एका पौषात त्यानं शेगडी झोपडीत घेतली अन् ताटी लावून घेतली. थंडी होती ना.” बाबा थांबले. “सकायी मी ताटी काढली. किसनच्या तोंडावर इतलं सुख होतं मास्तर... मले वाटलं, सपन पाहून रायला. म्हनून मी त्याले उठवलं नाही. झोपू देल्लं.”

...

“हे कधी सांगितलं नाहीत, बाबा.”

“इचारलं कोनं?”

सरांना त्यांचा चार पानी लेख आठवला. कुठे तोंड लपवावं ते कळेना. पण एक गोष्ट आज विचारली नाही तर मरेपर्यंत विचारली जाणार नव्हती.

“मग तो आनंद, बाबा... तो खोटा होता?”

बाबांनी समोरच्या टपरीकडे बोट केलं.

“चहा घेऊन ये. दोन.”

वच्छलाबाई चौथ्या दिवशी मठात परतली. दादाराव त्याआधीच आले होते आणि येईल त्याला आपण कसे मरता मरता वाचलो ते तिकीट फाडावं तितक्या सहज सांगत होते. सरांनी पिशवी भरून ठेवली होती. पुन्हा इथे तोंड दाखवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तो हीटर, असे ते बाबांच्या पाया पडायला आले.

“हा दरीत टाकतो आणि जातो, बाबा.”

“कायले?”

“यानं दोन जीव घेतले असते.”

“त्यानं?” बाबांनी हीटरकडे पाहिलं. “तो तं बिचारा चित्र घेऊन आलता सोबत. कागद कुठी हाये तो?”

कागद सरांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्या दिवशीपासून तिथेच होता. अजून वाचायची हिंमत झाली नव्हती.

“मले वाचता येत नाही. तू वाच. इंग्रजी असन तं मराठीत सांग. अन् बैस खाली. पोथी उभ्यानं वाचत नाही.”

ओसरीवर पाट मांडला. पाटावर तो चुरगळलेला कागद. समोर बाबा, अंगावर शाल घेतलेली वच्छलाबाई आणि दादाराव. सरांनी गुडघ्यावर कागद सारखा केला, चष्मा पुसला. वर्गात पहिल्या दिवशी झाली नव्हती अशी छातीत धडधड होत होती.

“‘यात फक्त स्वच्छ रॉकेल भरावं. पेट्रोल कधीही भरू नये, थोडंसुद्धा मिसळू नये.’”

“पेट्रोल कोन भरते बावा?” दादाराव म्हणाले.

सरांनी चष्मा नाकावर वर सारला.

“मी भरणार होतो. रॉकेल कमी पडलं असतं तर गाडीतलं थोडं काढून...”

दादारावांनी कानाला हात लावले. वच्छलाबाई पदराआड हसली.

“वाच,” बाबा म्हणाले.

“‘तेल भरण्याआधी विझवून पूर्ण गार होऊ द्यावा. घराबाहेर नेऊन भरावं.’ ‘सपाट जागी ठेवावा. अंथरूण, कपडे, पडदे तीन हात लांब.’”

“अन् मायं लुगडं तं त्याले चिकटलंच होतं,” वच्छलाबाई म्हणाली. “मले वाटे, मास्तर म्हातारीची काळजी घेऊन रायले.”

“घेत होतो हो, बाई,” सर म्हणाले. त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “‘झोपण्याआधी विझवावा.’”

“अन् ध्यानाले बसन्याआदी?” बाबांनी विचारलं.

“ध्यानाचं यात काही लिहिलेलं नाही.”

“मंग तूच सांग. तुया ध्यानात अन् तुया झोपेत काय फरक हाये?”

सरांनी विचार केला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

“माझ्या? काही नाही, बाबा.”

“मंग इझवजो.”

दादाराव आधी हसले, मग वच्छलाबाई, आणि मग सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. चार दिवसांत छातीवर बसलेला धोंडा जरासा हलला. त्यांनी पिशवी खांबामागे सरकवली. ते कोणी पाहिलं नाही, निदान तसं दाखवलं नाही.

“‘पेटलेला हीटर सोडून कोणीही खोलीबाहेर जाऊ नये.’”

हे वाचून ते थांबले. दादारावांनी त्यांच्या पाठीवर आपला भला मोठा पंजा ठेवला आणि तसाच राहू दिला.

“रायलं का आणखी?” बाबांनी विचारलं.

“शेवटचं आहे. ‘खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. कडाक्याची थंडी असली तरी.’”

“अर्थ सांग.”

“आगीलाही श्वास लागतो, बाबा. तिला बाहेरचा मिळाला नाही, तर ती आपला घेते.”

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, “चाल. पेटव आता.”

सर दचकले. पण उठले. हीटर अंगणात नेला, नरसाळ्यानं तेल भरलं, काठोकाठ नाही, थोडं कमी. सांडलेला थेंब चिंधीनं पुसला. ध्यानखोलीत सपाट फरशी शोधून त्यावर ठेवला, हलवून पाहिला. गोधड्या भिंतीकडे लोटल्या. वच्छलाबाईनं न सांगता लुगड्याचा काठ आवरून घेतला. सरांनी काडी ओढली. वात धरली. ज्योत वर आली, जाळी हळूहळू लाल झाली.

चौघं बसले. दार उघडं, खिडकी उघडी. समोरून अंगाला शेक लागत होता आणि मागून मानेवर गार वारा येत होता. सरांना ते थोडं गमतीचं वाटलं, आणि फार बरं वाटलं. त्यांनी ज्योतीवरच्या हवेकडे पाहिलं. ती थरथरत वर चढत होती आणि छताखालून खिडकीकडे निघून जात होती. सगळं कळूनसुद्धा मास्तराचा स्वभाव जाईना.

“पण बाबा,” ते म्हणाले, “अर्धी ऊब तर बाहेरच जातेय.”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं...

“मंग? बाहेर कोनी नाही का?”